क्लिअर अलाइनर कुठे कमी पडतात
पुढच्या दातांत थोडी गर्दी असेल किंवा लहानशा फटी असतील, तर क्लिअर अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, आपलं काम चोख करतात. तारेसारखे ते गालाला बोचत नाहीत आणि दात घासताना काढून ठेवता येतात. मात्र काढता येतात म्हणूनच या उपचाराचा बराचसा भार डॉक्टरांवरून रुग्णावर येतो.

रोज २० ते २२ तास ट्रे दातांवर हवेत. खाणं, साध्या पाण्याखेरीज काहीही पिणं आणि दात घासणं हे सगळं उरलेल्या दोन ते चार तासांत बसवायचं. एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलायचा असतो. रोजचे तास बुडाले की दात मागे पडतो, पुढचा ट्रे नीट बसत नाही आणि दाताची कड व प्लास्टिक यांमध्ये फट दिसू लागते. अशा वेळी घाईने पुढच्या ट्रेवर जाऊ नये. च्यूई, म्हणजे चावायचा छोटा रबरी तुकडा, चावून ट्रे दाबून बसवावा आणि डॉक्टरांना विचारून तोच ट्रे आणखी काही दिवस वापरावा. तरीही फट राहिली तर नवं स्कॅन करून पुढचे ट्रे नव्याने बनवावे लागतात.

सगळे नियम पाळूनही काही हालचाली प्लास्टिकला जड जातात. सुळे आणि त्यांच्या मागच्या उपदाढा गोलसर असतात. त्या फिरवायच्या म्हटल्या की ट्रेला पकड मिळत नाही, तो घसरतो. म्हणून दातांवर कंपोझिटचे (दातांच्या रंगाच्या भरावाचे) छोटे उंचवटे चिकटवतात. ही अटॅचमेंट जवळून दिसतात, त्यांच्या कडेला डाग धरतात आणि कधी निघूनही येतात. सिरॅमिकच्या कॅपवर ती नीट टिकत नाहीत. आत राहिलेला दात हाडातून थोडा बाहेर सरकवणं आणि मुळाचा कोन बदलणं हीसुद्धा अवघड कामं आहेत. दात काढून झालेली मोठी जागा बंद करताना शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मुळं मागेच राहतात. अशा केसमध्ये तारेचे ब्रेसेस बहुधा जास्त भरवशाचे ठरतात, आणि हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर निवडावा.

स्क्रीनवर दात सरसर सरळ होताना दाखवतात, तो आराखडा असतो. हाड आणि हिरड्या त्या गतीने साथ देतीलच असं नाही. म्हणूनच पहिला संच संपल्यावर ट्रेचा दुसरा संच लागणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यामुळे उपचार काही महिने लांबतो.

जागा करण्यासाठी बऱ्याचदा दोन दातांमधलं इनॅमल, म्हणजे दातांचं बाहेरचं कठीण आवरण, घासावं लागतं, साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. मर्यादेत राहून केलं तर ते सुरक्षित मानलं जातं, पण घासलेलं इनॅमल परत येत नाही. कोणत्या दातांमध्ये किती घासणार, हे आधीच समजून घ्यावं. दाटीवाटीचे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळच्या रिकाम्या फटी काळ्या त्रिकोणांसारख्या दिसू शकतात. हिरड्या मागे सरकलेल्या प्रौढांत त्या जास्त उठून दिसतात.

दाढांचं काय होतं, हे मात्र फारसं बोललं जात नाही. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये दिवसभर प्लास्टिकचे दोन थर असतात. चावताना त्या थोड्या आत दाबल्या जातात, आणि उपचार संपताना पुढचे दात टेकतात पण दाढा टेकत नाहीत. बऱ्याचदा ट्रेचा मागचा भाग कापून किंवा नुसता वेळ देऊन हे जुळून येतं. कधी वेगळे उपचारही करावे लागतात.

ट्रेखाली लाळ नीट पोहोचत नाही. म्हणून ट्रे लावलेला असताना गोड पेय प्यायलं तर साखर दातांना चिकटून राहते आणि पांढरे डाग, पुढे कीड असा क्रम सुरू होतो. गरम पाण्याने ट्रे धुऊ नये, प्लास्टिक वाकतं.

उपचाराआधी एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी व्हायलाच हवी. हाड झिजलेलं असताना दात सरकवले तर ते सैल होऊ शकतात. मुळं आखूड होण्याचा धोका तारांप्रमाणे इथेही असतो. घरीच ठसे घेऊन ट्रे मागवण्याच्या पद्धतीत नेमकी हीच तपासणी निसटते. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशी घरपोच सेवा देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांचा उपचार तिथेच थांबला.

त्यामुळे पैसे भरण्याआधी लेखी घ्या: दुसरा संच लागला तर त्याचा खर्च कोणाचा, हरवलेला ट्रे कसा मिळणार, मध्येच डॉक्टर बदलले तर स्कॅन आणि आराखडा कोणाकडे राहणार. सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरबद्दलही त्यातच विचारा. उपचार संपल्यावर सुरुवातीचे काही महिने तो बहुतेक वेळ आणि नंतर अनेक वर्षं रात्री लावावा लागतो. तो झिजतो, तडकतो, बदलावा लागतो, आणि सोडून दिला तर दात पुन्हा सरकू लागतात.