येळ्ळूरच्या शिवारात घरी येऊन शिकवणारे सर आणि आमचा वाघ्या

बेळगावच्या टिळकवाडीहून घरी येऊन कुत्री शिकवणाऱ्या सरांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमचं घर येळ्ळूरच्या शिवारात, समोर राजहंसगड दिसतो. वाघ्या रॉटवायलर, दोन वर्षांचा व्हायला आलाय, वजन ४८ किलो. गणपतीपासून त्यानं एक नवीनच धरलं होतं. मी ओसरीवर बसले, की माझ्या आणि येणाऱ्याच्या मध्ये आडवा उभा. खानापूरहून बाबा आले, तर त्यांनाही पायरी चढू देईना. "किती जीव आहे बघ तुझ्यावर," असं सगळे म्हणायचे, मलाही ते खरं वाटायचं.

आधी एकांनी आवळणारी साखळी दिली होती, गुरगुरला की हिसका द्यायचा. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद. मग सुगीला आलेल्या बाईंवर त्यानं आवाज न करता झडप घातली. पदर फाटला, हात वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गुरगुरून तो "मला भीती वाटतेय, पुढं येऊ नका" म्हणत होता. ते दाबलं, की इशारा जातो आणि चावणं राहतं. मग विचारलं, पिल्लू कधी आणलं? ४५ दिवसांचं. लसी पुऱ्या व्हायच्या म्हणून चार महिने कंपाउंडबाहेर नेलंच नव्हतं. माणसं, आवाज अंगवळणी पडायचं वय साधारण ३ ते १४ आठवडे. खाली न सोडता कडेवर घेऊन खडेबाजारातून फिरवायला हवं होतं. हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं हो!

पहिला आठवडा शिकवणी आमचीच झाली. मी "बस" म्हणायची, कामाची माणसं कन्नडमध्ये "कुंद्रु", मुलगी "सिट". आता सगळ्यांचा एकच शब्द, "जागेवर", आणि ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट. मग गेटबाहेर चाळीस पावलांवर एक माणूस उभा करायचा, वाघ्याला दिसेल पण अंग ताठ होणार नाही इतक्या लांब. माणूस दिसला की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, माणूस गेला की तुकडे बंद. जमेल तसं अंतर कमी. पाहुण्यानं त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढं करायचा नाही. तोंडाची जाळीसुद्धा आत दही लावून हळूहळू सवयीची केली.

दहा फेऱ्या झाल्या, फेरीला ८०० रुपये. सर रविवारी येत नाहीत, आणि सरावाचा कागद कन्नडमध्ये देतात. सासूबाईंसाठी मी तो मराठीत उतरवला. रोज चार वेळा पाच-पाच मिनिटं आपणच द्यायची, ते जमणार नसेल तर बोलावू नका.

बाबा आता येतात, वाघ्या गोणपाटावरून बघत राहतो. अनोळखी माणूस असेल तर गेट उघडण्याआधी त्याला खोलीत न्यायचं, हे कायमचं, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय. शिमग्याला त्या सुगीच्या बाईंना पोळी जेवायला बोलावलं, तेव्हाही तो खोलीतच होता. त्यांना अजून भीती वाटते, आणि त्यांचं काही चुकत नाही.