गप्पांची मुलाखत, ठरलेले प्रश्न की हातात काम?

हिशेबाच्या जागेसाठी एकदा आम्ही एकाला घेतलं. बोलणं गोड, उत्तरं हजरजबाबी, पाऊण तास कसा गेला कळलं नाही. तीन महिन्यांनी लक्षात आलं की बँक स्टेटमेंट आणि लेजर जुळलं नाही की फरकाची रक्कम तो किरकोळ खात्यात टाकून मोकळा व्हायचा. मुलाखतीत आम्ही विचारलं होतं, मागची नोकरी का सोडली, पाच वर्षांनी कुठे असाल. स्टेटमेंट पुढे ठेवून "हे जुळवून दाखवा" असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्या चुकीत त्याच्यापेक्षा आमचा वाटा मोठा होता.

म्हणून माणूस घेणाऱ्याने आधी एवढं ठरवावं, की आपण नेमकं काय तपासणार आहोत.

गप्पांची मुलाखत सगळ्यात सोपी. तयारी लागत नाही, उमेदवारही मोकळा होतो. पण प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारले, तर दोघांची तुलना करायची कशाच्या आधारावर? मग निवड होते ती आपल्यासारखं बोलणाऱ्याची. कामाची ओळख करून द्यायला, शंका सोडवायला अशा गप्पा जरूर माराव्यात. निर्णय मात्र त्यांच्यावर सोडू नये.

ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्यायचे. चांगलं उत्तर कोणतं, हे आधीच लिहून ठेवायचं. पहिल्यांदा हे रुक्ष वाटतं. १९५५ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन इस्रायली सैन्यात अशीच पद्धत बसवत होते, तेव्हा मुलाखत घेणारे चिडले होते, आम्हाला यंत्र बनवताय म्हणून. सहा गुणविशेष, प्रत्येकाचे वेगळे गुण, असा तो आराखडा होता. कानेमननी त्यांच्यासाठी शेवटी एक सवलत ठेवली: सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि मनाला काय वाटतं तो आकडा लिहा. तो आकडाही उपयोगी निघाला. म्हणजे मनाचा कौल घ्यावा, पण गुण लिहून झाल्यावर.

संशोधनाचे आकडेही याच बाजूचे आहेत. निवडीच्या वेळचे गुण आणि पुढचं काम यांचा मेळ ० ते १ या पट्टीवर मोजतात. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यात गप्पांच्या मुलाखतीला ०.३८ आणि ठरलेल्या प्रश्नांना ०.५१ मिळाले होते. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले: गप्पा ०.१९, ठरलेले प्रश्न ०.४२, कामाचा नमुना (म्हणजे उमेदवाराच्या हातात काम देऊन बघणं) ०.३३. एकही पद्धत १ च्या जवळपास नाही, हेही ध्यानात असू द्या.

मग कामाचा नमुना कशाला? कारण जिथे कौशल्य हाताने दिसतं (हिशेब, भाषांतर, वेल्डिंग, कोड) तिथे अर्ध्या तासात असं काही कळतं, जे बोलण्यातून कधीच कळणार नाही. सगळ्यांना एकच फाइल द्या, आणि ती आधी आपल्याच एखाद्या चांगल्या माणसाकडून सोडवून घ्या, म्हणजे अपेक्षा अवास्तव राहत नाही. तासाभरापेक्षा मोठं काम असेल तर पैसे द्या. उमेदवाराकडून फुकटात खरं काम उरकून घेणं हा सरळ अन्याय आहे. शिकवून तयार करायच्या नवख्या माणसाला मात्र ही कसोटी लावू नका.

स्वभाव चाचण्यांवर मी वेळ घालवणार नाही. मायर्स-ब्रिग्ज या नावाजलेल्या स्वभाव चाचणीचे प्रकाशक स्वतःच सांगतात की ती भरतीसाठी वापरू नये. आधीच्या ठिकाणी चौकशी करायची तर "कसा होता?" असं मोघम विचारू नका, "पुन्हा घ्याल का, कोणत्या कामासाठी?" असं विचारा.

एकच करता येणार असेल, तर ठरलेले प्रश्न निवडा. दोन जमत असतील, तर आधी कामाचा नमुना आणि मग प्रश्न. दोघंतिघं मुलाखत घेणार असाल, तर चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून द्यावेत. नाहीतर साहेब पहिल्यांदा बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

"प्रोबेशनमध्ये बघून घेऊ" हा पर्याय मला पटत नाही. तोवर समोरच्याने हातातली नोकरी सोडलेली असते.