व्ह्यू आणि कपॅसिटर : मोंढ्यातले आठ महिने

लातूरच्या मोंढ्यात मामांची आडत आहे. मागच्या दसऱ्याला सोयाबीनची आवक वाढली, तेव्हा त्यांच्या मुनीमकाकांच्या हातात मी केलेलं ॲप दिलं. शेतकरी, गाव, कट्टे, वजन, भाव टाकायचा. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी तयार. व्ह्यू ३ मध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्टची चौकट) लिहिलं आणि कपॅसिटरने त्याचं ॲप केलं. नोकरीत रोज व्ह्यूच लिहितो आणि अँड्रॉइड ॲपची कोटलिन भाषा येत नाही, एवढंच कारण. कपॅसिटर तुमची वेबसाइट फोनच्या वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरमध्ये, चालवतं आणि कॅमेरा, फाइल वगैरेंशी बोलायला प्लगइन देतं. (व्ह्यू आणि वेबव्ह्यू, नाव सारखं, नातं काही नाही.)

पहिल्याच दिवशी यादीत गाव शोधताना मुनीमकाकांनी फोन पुढे धरला. “बहिरं हाय का रं हे? औसा टाकलं तरी निलंगा-रेणापूर सगळंच दाखवतंय.” स्पेस दाबली की मात्र यादी गाळली जायची. लॅपटॉपवर सगळं ठीक. दोन रात्री गेल्या. फोनचा कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत अक्षरं जुळवत बसतो, शब्दाखाली रेघ दिसते ती त्याचीच. आणि व्ही-मॉडेल, म्हणजे खान्यात टाकलेलं कोडपर्यंत पोचवणारी व्ह्यूची सोय, तोवर काही पोचवतच नाही. व्ह्यूच्या मार्गदर्शिकेत हे लिहिलेलं आहे, पण उदाहरण चिनी, जपानी, कोरियनचं. मराठी माणूस तिथं कशाला थांबेल? व्ही-मॉडेल काढलं, खान्याची व्हॅल्यू आणि अक्षरागणिक येणारा इनपुट इव्हेंट वेगळे जोडले, झालं.

दिवाळीनंतर नोंदी हजारांत गेल्या आणि स्वस्तातल्या फोनवर यादी अडखळू लागली. पडद्यावर दिसतील तेवढ्याच ओळी मांडल्या, आणि माहितीतले बदल टिपणाऱ्या व्ह्यूच्या रेफच्या जागी त्याचा हलका भाऊ शॅलोरेफ घेतला. व्ह्यू मग प्रत्येक नोंदीच्या आतल्या खान्याखान्यावर पहारा देत नाही. हिशेब ब्राउझरच्या लोकलस्टोरेज या साठ्यात ठेवू नका, जागा कमी पडली की ते पुसलं जाऊ शकतं. मुनीमकाकांचा फोन तर सुप्रभातच्या फोटोंनीच भरलेला. मी एसक्यूलाइट या डेटाबेसवर गेलो.

मार्चमध्ये टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा) ३५ केलं, म्हणजे अँड्रॉइड १५, आणि मामांच्या अँड्रॉइड १५ च्या फोनवर ‘जतन करा’ हे बटण फोनच्या खालच्या तीन बटणांमागे गेलं. मामा पट्टी जतन करायला जायचे आणि ॲपच बाहेर पडायचं. खाली जागा सोडून ते निस्तरलं.

‘एकच कोड, दोन्हीकडे ॲप’ हेही अर्धंच. आयफोनसाठी मॅक हवा, स्टोअरवर टाकायचं तर वर्षाला ९९ डॉलर. आमच्यात आयफोन एकट्या मामेभावाकडे, त्याला भाव बघायला तेच ब्राउझरमध्ये उघडून दिलं.

फॉर्म, याद्या, हिशेब असेल तर मी पुन्हा हेच घेईन. आता मामांना काट्याचं वजन थेट ॲपमध्ये हवंय. मी घेतलेलं प्लगइन फक्त ब्लूटूथ लो एनर्जी हा कमी वीज खाणारा नवा प्रकार जाणतं, आणि आमचा काटा जुन्या ब्लूटूथचा. स्वतःचं प्लगइन लिहिणं आलं, म्हणून गेल्या रविवारपासून कोटलिन शिकतोय.