एनएसएसचे निवासी शिबिर : यजमान गावातून एक अभिप्राय

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या गावात नाताळच्या सुट्टीत एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) पथकाचे विशेष निवासी शिबिर भरले होते. मुलांचा मुक्काम प्राथमिक शाळेत आणि जेवण देवळाच्या सभागृहात असल्यामुळे मला ते उद्घाटनापासून समारोपापर्यंत जवळून पाहता आले. मुलांना एनएसएसमध्ये घालावे की नाही, असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे एक शिबिर पूर्ण करावे लागते. तास भरले की प्रमाणपत्र मिळते, आणि पुष्कळ ठिकाणी सगळे लक्ष त्या तासांच्या हिशेबावरच राहते. या पथकाच्या कार्यक्रम अधिकारी बाईंनी मात्र कामाइतकेच महत्त्व त्यावरच्या विचाराला दिले, आणि माझ्या मते शिबिराचे खरे मोल तिथेच होते.

सकाळचे काम व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालण्याचे होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची, हातोहात ती पाण्यापर्यंत पोचवायची आणि सांधे चुकवून एकावर एक रचायची, हे सारे मुलांनी मनापासून केले. पावसाळ्यात दुथडी वाहणारे आमचे व्हाळ उन्हाळ्याकडे आटत जातात आणि काठच्या कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) पाणी कमी पडते, त्यामुळे गावाला या कामाची गरज होतीच.

संध्याकाळी दैनंदिनी लिहिण्याची बैठक होत असे. दैनंदिनीत तारीख, कामाचे स्वरूप, तास आणि सही एवढेच रकाने होते. बाईंनी समोरचे पान मोकळे ठेवून त्यावर आज आपला कोणता समज बदलला आणि कोणती शंका उरली, हे लिहायला सांगितले. पहिल्या दिवशी बहुतेकांनी ‘छान अनुभव आला, खूप शिकायला मिळाले’ असे लिहिले. बाईंनी वह्या शांतपणे परत दिल्या आणि काय शिकलात तेवढेच लिहा, असे सांगितले. दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीने लिहिलेले पान तिच्या संमतीने बैठकीत वाचले गेले : ‘वाड्यावरच्या आजोबांनी सांगितले की पूर्वी हा बांध गावचेच लोक दरवर्षी घालायचे. मग ते का थांबले? आणि आम्ही गेल्यावर पोती फाटली तर ती कोण बदलणार?’

त्या रात्रीची चर्चा बराच वेळ चालली. पोरांनी दुसऱ्या दिवशी कुळागरवाल्यांना आणि वॉर्डाच्या पंचांना गाठून हेच प्रश्न विचारले. बंधाऱ्याच्या देखभालीचा विषय ग्रामसभेत मांडावा, असे पंचांनी सुचवले, तेव्हा मुले आम्हीच येऊन बोलतो म्हणाली. त्यावर बाईंनी समजावले की गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे ग्रामसभा ही त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची असते. इथला विषय इथल्या मतदारांनीच मांडायला हवा, आणि प्रत्येकाने २६ जानेवारीच्या ग्रामसभेला स्वतःच्या गावी जाऊन आपल्या व्हाळाचे, आपल्या कचऱ्याचे काय चालले आहे ते विचारावे. परगावी सेवा करून आलेल्या मुलाला आपल्या वाड्याकडे पाहायला लावणारे याहून चांगले शिक्षण मला तरी ठाऊक नाही. मुलांच्या प्रश्नामुळे आमच्या वाड्यावरचे दोन तरुणही त्या ग्रामसभेत बंधाऱ्याविषयी बोलले.

उणिवाही सांगायला हव्यात. दुपारची व्याख्याने फार होती. व्यक्तिमत्त्व विकासावरच्या भाषणाचा गावाशी किंवा कामाशी काहीच संबंध नव्हता, आणि त्या वेळात मुले घरोघरी जाऊन बोलली असती तर दैनंदिनीला अधिक खाद्य मिळाले असते. मुलग्यांना पोती आणि मुलींना स्वयंपाकघर अशी विभागणी पहिल्या दिवशी झाली होती. मुलींनीच बैठकीत हरकत घेतल्यावर ती बदलली, पण ती आधीच टाळता आली असती.

मोठी उणीव पाठपुराव्याची आहे. पथकाने मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, एकदा परत येऊन बंधारा पाहावा आणि त्याच वह्यांत पुढचे पान लिहावे, अशी विनंती मी महाविद्यालयाला पत्राने केली आहे. ज्या मुलांना १८ वर्षे पूर्ण झाली आहेत, पण मतदारयादीत नाव नाही, त्यांच्याकडून शिबिरातच सहा नंबरचा फॉर्म भरून घ्यावा, असेही त्यात सुचवले आहे.