वसंतातील खोल समुद्रातील गळमासेमारी: कॅबिनची डिझेल बोट की उघडी आउटबोर्ड बोट?

वसंतात खोल समुद्रात गळाने मासे धरायला जायचे ठरले, सोबती ठरले, तारीखही ढोबळमानाने ठरली, की बोट भाड्याने घेताना एक प्रश्न उरतोच. मागे प्रशस्त कॉकपिट (मासे धरायला उभे राहायची उघडी जागा) आणि वर फ्लायब्रिज (कॅबिनवरची उंच, उघडी चालकाची बैठक) असलेली, बोटीच्या पोटात बसवलेल्या म्हणजे इनबोर्ड डिझेल इंजिनांची मोठी स्पोर्टफिशर घ्यावी, की मागे दोन-तीन आउटबोर्ड म्हणजे बाहेर टांगलेली इंजिने लावलेली, मधोमध सुकाणूचा खांब (कन्सोल) असलेली आणि चारी बाजूंनी उघडी सेंटर कन्सोल घ्यावी? दोन्ही प्रकारच्या बोटींवर मी बरेच दिवस काढले आहेत आणि अलीकडे वसंतासाठी मी जवळजवळ नेहमी दुसरीच निवडतो. मात्र पहिली बोट कमी दर्जाची आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. काही मंडळींसाठी तीच योग्य ठरेल आणि ती मंडळी कोणती, हेही पुढे सांगतो.

वसंतापुरता हा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण समुद्र हवेच्या मागून तापतो. दुपारी अंगाला ऊन लागत असले तरी पाणी हिवाळ्याचाच गारवा धरून असते. उत्तर गोलार्धात मार्च ते मे आणि दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत समशीतोष्ण समुद्रात मासा सगळीकडे पसरलेला सापडत नाही. हिवाळ्यात ढवळून वर आलेली पोषकद्रव्ये आणि वाढलेला सूर्यप्रकाश यांच्या जोरावर प्लवक वाढते, त्यामागे बारीक मासळी येते, आणि ट्यूना, माही-माही, वाहू यांच्यासारखे शिकारी मासे गरम निळे पाणी आणि थंड हिरवट पाणी जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेला जमतात. गल्फ स्ट्रीमपासून सुटून किनाऱ्याच्या बाजूला सरकणारे गरम पाण्याचे भोवरे हे अशा कडांचे ठळक उदाहरण आहे. उपग्रहाने टिपलेल्या तापमानाचा नकाशा पाहून कॅप्टन निघतो खरा, पण नकाशा कालचा असतो आणि कड आज सरकलेली असते. त्यामुळे वसंतातील दिवसाचा मोठा भाग मासा ओढण्यापेक्षा त्याला शोधण्यातच जातो. बोट निवडताना मासा लागल्यावर काय होईल याच्या इतकेच, किंबहुना त्याहून अधिक वजन मी मासा लागत नसतानाचे तास कसे जातील याला देतो.

जाण्यायेण्याच्या बाबतीत मोठ्या बोटीचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. या दिवसांत एकामागून एक शीत आघाड्या सरकत असतात, पहाटे निवांत असलेला वारा दुपारपर्यंत फिरतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. वजनदार बोट अशा लाटांतून आपला वेग फारसा न सोडता जाते, आत बसायला जागा असते, आणि थंड पाण्यावर उबदार हवा येऊन दाट धुके पडले तर उंचावर बसवलेल्या चांगल्या रडारचा आधार असतो. सेंटर कन्सोलचा वेग मात्र सपाट समुद्रातच कामाला येतो. खंडमंचाची कड, म्हणजे जिथून समुद्राचा तळ एकदम खोल जातो ती जागा, ४० सागरी मैलांवर असेल, तर २२ नॉटने (तासाला २२ सागरी मैल) जाणाऱ्या बोटीला पावणेदोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि ३२ नॉटने जाणाऱ्या बोटीला सव्वा तास. पण समोरून लाट आली की हलक्या बोटीला वेग कमी करावाच लागतो आणि हा अर्ध्या तासाचा फायदा पाहता पाहता नाहीसा होतो. रे हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ तळाच्या ‘मॉपी’ या बोटीने १९६० साली मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि तेव्हापासून हा तळ वेगवान बोटींत रुजला. आजच्या बहुतेक चांगल्या सेंटर कन्सोल त्याच वळणाच्या आहेत. हा तळ लाट कापतो, परंतु बोट थांबवून वाहती सोडली की तोच तळ तिला बाजूंवर अधिक डोलवतो. ज्यांना बोट लवकर लागते त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या बोटीवर जायरो स्टॅबिलायझर (फिरत्या जड चाकाने डोलणे कमी करणारे यंत्र) बसवलेला असेल, तर या एका मुद्द्यावर तुलनाच उरत नाही.

एवढे सगळे पदरात असूनही मोठी बोट माझ्या निवडीतून बाद झाली ती धुरामुळे. हा मुद्दा किरकोळ वाटेल, आणि उन्हाळ्यात कदाचित तो किरकोळ असेलही, पण वसंतात त्याने माझे पुरेसे दिवस खाल्ले आहेत. इनबोर्ड डिझेलचा धूर समुद्राच्या पाण्याने थंड करून बोटीच्या मागच्या फळीतून किंवा तिच्याजवळच्या कडेतून, पाण्याच्या पातळीलगत बाहेर सोडलेला असतो. सरळ वेगात जाताना तो मागे पडतो आणि कोणाला जाणवत नाही. ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे लूर (कृत्रिम आमिषे) ओढत मासा शोधणे, मात्र साधारण ६ ते ९ नॉटने चालते, आणि कॅप्टन शक्यतो लाट पाठीवर घेऊन ट्रोलिंग करतो, कारण त्या दिशेने बोट कमी आपटते आणि लूर सलग पोहतात. आता मागून येणारा वाराही सात-आठ नॉटचाच असेल, तर बोटीच्या दृष्टीने वारा थांबल्यासारखाच होतो. धूर निघतो तेथेच तरंगतो आणि बोटीबरोबर चालत राहतो. वारा त्याहून थोडा जास्त असेल, तर तो धूर मागच्या फळीवरून आत ढकलला जातो. बोट वाऱ्याच्या तोंडावर वळवली तरी पूर्ण सुटका होत नाही, कारण उंच कॅबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा कॉकपिटकडे ओढली जाते.

हा धूर ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. रॉडच्या टोकांकडे पाहत उभे राहिले की आधी घशाला कोरड पडते, मग जाकिटाच्या कॉलरला तो वास बसतो, गॉगलच्या काचेवर तेलकट पापुद्रा येतो, आणि कठड्यावर ठेवलेला हात उचलला की तळव्याला काजळीचे बारीक ठिपके लागलेले असतात. या वासाने मळमळ सुरू झाली, की माणूस साहजिकच आत कॅबिनमध्ये जातो. तेथे क्षितिज नीट दिसत नाही, काचा थंडीमुळे बंद असतात, आणि राहिलेली कसर भरून निघते. वर फ्लायब्रिजवर हवा स्वच्छ असते, परंतु आउटरिगरच्या (दोर पसरून धरणाऱ्या, बोटीच्या बाजूंच्या लांब काठ्यांच्या) क्लिपमधून दोर सुटल्याचा टप् असा आवाज आला की शिडी उतरून रॉडपाशी पोहोचेपर्यंत खलाशाने मासा गुंतवून रॉड तुमच्या हातात द्यायची तयारी केलेली असते. ज्या क्षणासाठी एवढ्या लांब यायचे, तो क्षणच अशा रीतीने दुसऱ्याच्या हातून घडावा, हे मला फार लागते. सगळ्याच डिझेल बोटी अशा असतात असे नाही. काहींचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो, नव्या इंजिनांचा धूर जुन्यांपेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि उत्तम निगा राखलेल्या बोटीवर हा त्रास अगदी सौम्य असू शकतो. पण भाड्याची बोट ठरवताना या गोष्टींची खात्री क्वचितच करून घेता येते.

सेंटर कन्सोलवर आउटबोर्डचा धूर बहुतांशी प्रोपेलरच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडला जातो, आणि बोटीवर उंच भिंत नसल्यामुळे मागे हवा कोंडत नाही. वास अजिबात येत नाही असे म्हणता येणार नाही. अगदी मंद गतीत तो येतोच. फरक असा, की तो आला तर चार पावले टाकून नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) जाता येते आणि तेथूनही रॉड नजरेसमोर राहतात. येथे एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आउटबोर्ड सहसा पेट्रोलवर चालतात, आणि पेट्रोल इंजिनाच्या धुरात डिझेलपेक्षा कितीतरी अधिक कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. थंडी वाजते म्हणून कन्सोलभोवतीचे प्लास्टिकचे पडदे तीन बाजूंनी लावून मागची बाजू तेवढी उघडी ठेवणे, ही वसंतातील सर्वांत घातक सोय आहे, कारण पडद्यांमुळे उंच कॅबिनसारखाच कमी दाब तयार होतो. पडदे लावायचे तर समोरूनही हवा येऊ द्यावी, आणि डोके जड झाले तर ते बोट लागल्याचे लक्षण समजून गप्प बसू नये.

शोधण्याच्या पद्धतीतही दोन्ही बोटींचा स्वभाव वेगळा आहे. मोठी बोट आउटरिगर उघडून आठ-नऊ लूरची पसरण मागे सोडते आणि कड धरून मैलोन् मैल चालत राहते; सहा तासांत सात नॉटने ४२ सागरी मैल पाणी चाळून होते. मासा विखुरलेला असेल तेव्हा या पद्धतीला तोड नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण तीन मैलांवर पक्षी पाण्यावर तुटून पडताना दिसले, किंवा लांबवर एखादा ओंडका तरंगताना दिसला, तर एवढी पसरण गुंडाळून तिकडे धावायला कोणताही कॅप्टन सहसा राजी होत नाही. सेंटर कन्सोलवर दोन-चारच दोर मागे असतात, ते मिनिटाभरात आत येतात आणि बोट पक्ष्यांकडे सुटते. माही-माही तरंगत्या वस्तूंच्या सावलीत थांबतो, त्यामुळे ओंडक्यापासून फेकीच्या अंतरावर बोट शांत उभी करून हलक्या रॉडने आमिष टाकता येते. निळ्या पाण्यातून पिवळा-हिरवा मासा वर येऊन आमिषामागे वळताना डोळ्यांनी पाहणे आणि त्याच वेळी रॉड आपल्या स्वतःच्या हातात असणे, यात जे आहे ते ट्रोलिंगमध्ये मला आजवर मिळालेले नाही. हा माझ्या आवडीचा भाग झाला, कोणाचे मत याहून वेगळे असू शकते.

मोठा मासा लागला तर चित्र पुन्हा थोडे पालटते. दोन इनबोर्ड इंजिनांची बोट मागे मागे चालवून माशाचा पाठलाग करता येतो, आणि मध्ये बसवलेल्या फायटिंग चेअरमध्ये बसून जड ट्यूनाशी तासभर झुंजणे शक्य होते. आउटबोर्डची बोट जोरात मागे नेली तर पाणी मागच्या फळीवरून आत येते आणि दोर इंजिनांच्या पायांना घासून तुटण्याची भीती असते. म्हणून तिच्यावर मच्छीमाराने नाळेवर जायचे आणि कॅप्टनने बोट माशाच्या दिशेने पुढे न्यायची, अशी रीत आहे. उभ्याने, कमरेच्या पट्ट्यावर रॉड टेकवून लढावे लागते. गळमासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या, १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांप्रमाणे मासा लागल्यानंतर दुसऱ्या कोणी रॉडला हात लावला तर तो मासा नोंदीसाठी बाद ठरतो. विक्रमाच्या मागे नसलेल्यालाही हा नियम उभ्याने पाळता येईल का, याचा विचार आपल्या पाठीच्या आणि गुडघ्यांच्या अवस्थेप्रमाणे करावा. दीडशे किलोच्या ब्लूफिन ट्यूनाचीच आस धरून जाणार असाल तर माझ्या शिफारशीपेक्षा मोठ्या बोटीची चेअर ऐकावी, हे बरे.

राहिल्या सोयी. बहुतेक सेंटर कन्सोलवर शौचालय कन्सोलच्या आत दाटीवाटीने बसवलेले असते, आडवे व्हायला जागा नसते आणि पहाटे जाताना आणि परतताना थंड पाण्याचे तुषार थेट अंगावर येतात. चारपेक्षा अधिक माणसे असतील तर तिच्यावर कोपराला कोपर लागतो. लहान मुले, वयस्कर मंडळी, किंवा पहिल्यांदाच किनारा दिसेनासा होईपर्यंत जाणारे कोणी सोबत असेल, तर कॅबिनची बोट घ्यावी. थकलेल्या माणसाला आडोसा देता येणे ही लहान गोष्ट नाही. मात्र तीन-चार जण आहेत, सगळ्यांना समुद्राची सवय आहे, प्रत्येकाला रॉड स्वतः हाताळायचा आहे, आणि वाऱ्याचा अंदाज ठीक नसेल तर जाणे पुढे ढकलण्याइतकी सवड आहे, अशांना मी सेंटर कन्सोलच सुचवीन. तिच्यासाठी दिवस निवडावा लागतो, ही तिची खरी किंमत आहे. दहा-बारा नॉटच्या वर वारा सांगितला असेल तर मोठी बोट निघेल आणि ही निघणार नाही, निघूही नये. म्हणून तारीख बदलण्याची मुभा ठरवतानाच मागून घ्यावी आणि अंगावर पूर्ण जलरोधक पोशाख असावा.

ठरवण्याआधी बोट धक्क्यावर पाहायला मिळाली, तर डिझेल बोटीच्या मागच्या फळीकडे एकवार नीट पाहावे. पांढऱ्या रंगावर धुराच्या नळीच्या वर काजळीचा पंखा उमटलेला असेल, तर ट्रोलिंग करताना कॉकपिटमध्ये काय वाट्याला येईल हे विचारण्याची गरज नाही. तरीही तीच बोट घ्यावी लागली, तर कॅप्टनला आधीच विनंती करावी की वारा अगदी पाठीवर न घेता तिरका घेऊन, नागमोडी चालीने ट्रोलिंग करावे. अंतर थोडे वाढते, पण धूर एका कडेने निघून जातो. ज्या कडेकडून वारा येत असेल त्या कोपऱ्यात उभे राहून तेथील रॉड आपल्याकडे मागून घ्यावा. बहुतेक कॅप्टन एवढे ऐकतात.