नऊ वर्षांच्या मुलीसाठी रोबोट किट: मायक्रोबिटची गाडी

पहिल्यांदा घेतला तो किट खोक्यावर भरपूर चित्रं असलेला. सर्किट बंद डबीत, वायरी आधीच जोडलेल्या. रिमोटवर गाडी छान पळाली आणि चौथ्या दिवशी कपाटात गेली. लेकीच्या हातांना करायला त्यात काही नव्हतंच.

मग बीबीसी मायक्रोबिट या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर चालणारी दोन मोटरींची गाडी आणली. बोर्ड तळहातात मावणारा: 25 एलईडी, दोन बटणं, हलवलेलं ओळखणारा सेन्सर. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना तो फुकट वाटला होता. मुलांसाठीच बनवलाय हे वापरताना जाणवतं. मेककोड नावाच्या वेबसाइटवर ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा, आधी स्क्रीनवरच चालवून बघायचा.

गाडी पूर्ण जोडली तर ती सरळ जाईना, डावीकडेच ओढायची. दोन्ही मोटरींना वेग सारखाच, 200. लेकीने गाडी उलटी धरली, दोन्ही चाकांवर खडूने खूण केली आणि फेरे मोजले. "बाबा, डावं मागे पडतंय!" मग उजव्या मोटरीचा आकडा 195, 190, 185 करत फरशीच्या रेघेवरून गाडी सोडत राहिली. 182 ला ती रेघ धरून गेली. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. माझ्या मते किट निवडायचा तो यासाठी: चूक मुलाला दिसली पाहिजे आणि त्याची त्याला दुरुस्त करता आली पाहिजे.

तक्रारी आहेत. सोबतची यूएसबी केबल फक्त चार्जिंगची निघाली. कॉम्प्युटरला बोर्ड दिसेचना, अख्खी संध्याकाळ त्यात गेली, पोरगी रडकुंडीला आली. डेटा केबल लावताच काम झालं. असा प्रकार पहिल्याच दिवशी मुलाचा उत्साह मारतो, कंपनीने हे करायलाच नको होतं. सेल उतरले की मोटर सुरू होताना बोर्ड रीस्टार्ट होतो, तेव्हा आधी सेल बदला, मग प्रोग्राममध्ये चूक शोधा.

आर्डुइनो या दुसऱ्या बोर्डचं म्हणाल तर कोड टाइप करायचा आणि ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकांच्या पट्टीवर, बारीक वायरी खोचायच्या, म्हणून मी दोन-तीन वर्षं थांबणार आहे. लेगोचा रोबोट किट माइंडस्टॉर्म्स 2022 अखेर बंद झाला, जुना सेट घेताना ते लक्षात ठेवा.

सध्या घरभर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. गाडी पट्टी धरून स्वयंपाकघरापर्यंत येते, तिथल्या काटकोनात मात्र अजून चुकते.