मिक्सर ठीकच, पण पाच स्टार बिलावरच्या एका ओळीला

दीड महिना रोज वापरून मग लिहितोय. 750 वॉटचा, तीन भांड्यांचा मिक्सर लोहार चाळीतल्या या दुकानातून 4,300 रुपयांना घेतला. ओलं खोबरं छान बारीक होतं, इडलीची डाळ वाटताना तापत नाही. आवाज मात्र मोठा आहे, सकाळी साडेसहाला लावला की आतल्या खोलीत झोपलेली नात उठते. मिक्सरबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते दुकानदाराबद्दल, आणि 'गॅरंटी' व 'वॉरंटी' या दोन शब्दांबद्दल.

आमचा आधीचा मिक्सर एका मोठ्या शोरूममधून घेतला होता. विकणारा मुलगा म्हणाला, "काका, मोटरला पाच वर्षांची फुल गॅरंटी." चौदाव्या महिन्यात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, भांडं बुशपाशी गळायला लागलं, पाणी खाली उतरलं आणि मोटर जळाली. सर्व्हिस सेंटरने कार्डामागची बारीक अक्षरं दाखवली. भांडं वॉरंटीत बसत नाही, आणि मोटर पाण्याने गेली म्हणून तीही बसत नाही. कार्डभर शोधलं, 'गॅरंटी' हा शब्द कुठेच नव्हता. शोरूममध्ये गेलो तर म्हणाले, आता कंपनीशी बोला. ऐन सणात हिने सगळं वाटण शेजारच्यांकडे नेऊन केलं. पैशापेक्षा मला ते लागलं.

लागण्याचं कारण आहे. मी एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. आमच्याकडे गॅरंटी म्हणजे जामीन. 1872 च्या करार कायद्याचं 126 वं कलम मला पाठ आहे: एक कर्ज घेणारा, एक देणारा, आणि घेणाऱ्याने फेडलं नाही तर मी फेडीन म्हणणारा तिसरा. तो तिसरा माणूस नसेल तर ती त्या कलमातली गॅरंटी नव्हेच. 'नुसती सही तर आहे' म्हणत भाच्यासाठी, मित्रासाठी जामीन राहिलेली माणसं मी टेबलासमोर पाहिली आहेत, आणि पुढे नोटीस हातात घेऊन आलेलीही. हा शब्द कोणी सहज उच्चारला की मला आजही खटकतं.

वॉरंटीचं घर वेगळं. ती येते 1930 च्या माल विक्री कायद्यात, 12 व्या कलमात. तिथे सौद्याची मूळ अट वेगळी आणि वॉरंटी वेगळी. अट मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागू शकतो, पण तेवढ्या कारणाने माल नाकारू शकत नाही. बाजाराने मात्र स्वतःचा अर्थ बसवलाय: गॅरंटी म्हणजे बदलून देणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. मराठीत आपण दोन्हींना 'हमी' म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेत. मूळ शब्द जर्मानिक, संरक्षण देण्याच्या अर्थाचा. तो फ्रेंचमध्ये गेला तेव्हा उत्तरेकडच्या बोलीत सुरुवातीचा 'व' तसाच राहिला आणि इतरत्र त्याचा 'ग' झाला. इंग्रजीने दोन्ही रूपं ठेवून घेतली. वॉर्डन आणि गार्डियन ही जोडी तशीच. आपल्या महापालिकेचा सी वॉर्ड आणि बिल्डिंगखाली बसणारा गार्ड, हेही त्याच नात्यातले.

आता या दुकानाकडे येतो. मी मुद्दामच विचारलं, "गॅरंटी किती?" दुकानदार कच्छी, पण मराठी स्वच्छ बोलतात. ते म्हणाले, "काका, गॅरंटी नाही बोलणार मी. कंपनीची वॉरंटी आहे, दोन वर्षं मशीनला, पाच मोटरला. यात काय नाही ते आधी बघा." कार्ड काउंटरवर सपाट पसरून त्यांनी निळ्या बॉलपेनने एकेका शब्दाखाली रेघ ओढली: भांडी, पाती, कपलर, झाकणाचं रबर, पाणी शिरून झालेलं नुकसान. मग मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाखवलं. लोड जास्त झाला की मशीन आपोआप बंद पडतं. थोडं थंड होऊ द्यायचं, हे बटण दाबायचं आणि मग चालू करायचं. लोक घाबरून थेट दुरुस्तीला आणतात, म्हणाले. आधीच्या मिक्सरलाही तसंच बटण होतं, पण ते कशासाठी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी बिलावर हाताने लिहिलं, 'सात दिवसांत भांड्यासकट काहीही बिघडलं तर दुकान बदलून देईल', आणि खाली सही केली. कंपनी जे द्यायला बांधलेली नव्हती, त्याला हा माणूस स्वतः उभा राहिला. वकील याला 126 वं कलम म्हणणार नाहीत, पण मी ज्याला आयुष्यभर जामीन राहणं म्हणत आलो ते हेच.

पाचव्या दिवशी चटणीच्या भांड्याचं झाकण बसेना, पाणी उडायला लागलं. भांडं पिशवीत घालून गेलो. त्यांनी भांड्यात पाणी ओतलं, झाकण लावून उलटं धरलं, दोन थेंब पडलेले पाहिले आणि मागच्या माळ्यावरून नवं भांडं काढून दिलं. बिल मागितलंही नाही, मीच पुढे केलं. तिथल्या तिथे तीच पाण्याची परीक्षा नव्या भांड्याचीही घेतली.

एक त्रुटी आहे. पहिल्या दिवशी वॉरंटी कार्डावर शिक्का मारायचा राहून गेला होता. कंपनी हटकून तेच पाहते, तेव्हा तुम्ही निघण्यापूर्वी शिक्का आणि तारीख तपासा. आणि कुठल्याही कार्डावर काहीही छापलेलं असो, सदोष मालाबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आधीच्या मिक्सरच्या वेळी मी तो फिरवायला हवा होता.

दुकान अरुंद आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं आणि हातगाड्या अंगावर येतात. गाडी नेऊ नका, क्रॉफर्ड मार्केटकडून चालत या. रविवारी बंद.